व्ही-८ बसवलेली एमजीबी साठच्या पुढे थरथरते? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं तपासा

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसतं, गिअरबॉक्स बसतो, गल्लीतल्या पहिल्या फेरीला गाडी मस्त ओढते. मग मोटरवेवर काटा ताशी पंचावन्न मैलांवर आला की बुडाखालून घुमल्यासारखा आवाज सुरू होतो. पासष्टला आरशातल्या गाड्यांच्या कडा पुसट दिसतात आणि गिअरच्या दांड्यावरच्या हाताला मुंग्या येतात. पंच्याहत्तरला कधीकधी पुन्हा सगळं शांत होतं.

हे सगळ्यात जास्त भेटणारं रूप. बाकीचीही ओळखून ठेवा:

- उभ्या गाडीतून निघताना, २० ते ३५ मैलांच्या दरम्यान जोर दिला की मागून गडगड. पाय उचलला की बंद.
- जोर देताना काही नाही, पण ॲक्सिलरेटर सोडून गाडी नुसती धावू दिली की कंप.
- गाडी जागेवर उभी, रेस दिली की ठरावीक आरपीएमला डॅशबोर्ड आणि सीट झणझणतात.
- क्लच सोडताना किंवा गिअर टाकताना खालून ‘ठक्’.
- स्टिअरिंग हातात हलतं, पण सीट शांत असते.

शेवटचं लक्षण एकटंच असेल तर पुढची चाकं आणि स्टिअरिंगचे जोड बघा. तो वेगळा विषय आहे. उरलेल्या चारांसाठी पुढे वाचा.

मी कॉव्हेंट्रीत राहतो. माझी गाडी १९७१ची रोडस्टर आहे. आत रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ आणि रोव्हर एसडी-१ मधून काढलेला एलटी-७७ हा पाच गिअरचा गिअरबॉक्स. स्वतःच्या गाडीत मी या थरथरीशी जवळजवळ एक वर्ष झुंजलो. त्यानंतर ओळखीतल्या आठ-दहा गाड्यांत हाच बिघाड शोधून दिला. बहुतेक वेळा मी पोचेपर्यंत मालकानं प्रोप शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारी फिरती नळी) एकदा तरी बॅलन्स करून आणलेला असतो, आणि आता तो गिअरबॉक्स उतरवायच्या बेतात असतो. दोन माणसं, पूर्ण शनिवार-रविवार, आणि खाली उतरवल्यावर बिघाड तिथे नसतोच. एका चांगल्या माणसानं याच थरथरीला कंटाळून अर्धी झालेली गाडी विकून टाकली. ते मला आजही लागतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हा बिघाड इंजिनच्या अदलाबदलीतच का येतो? हे इंजिन या बॉनेटखाली बसतं, यात शंका नाही. केन कॉस्टेलो यांनी आधी व्ही-८ एमजीबी बनवून विकल्या आणि मग एमजी कारखान्यानं १९७३ ते १९७६ या काळात स्वतःची व्ही-८ जीटी काढली, एकूण २५९१ गाड्या. पण कारखान्याच्या त्या गाडीत चार गिअर आणि ओव्हरड्राइव्ह होता. आपण एलटी-७७ लावतो तेव्हा गिअरबॉक्सची शेपटी वेगळ्या जागी आणि वेगळ्या उंचीवर येते, खालचा क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला आधार देणारी आडवी पट्टी) घरी बनवलेला असतो, प्रोप शाफ्ट कापून पुन्हा जोडलेला असतो. मागचा ॲक्सल मात्र १९७१ साली होता तिथेच आणि तसाच असतो. पुढचं टोक हललं, मागचं हललं नाही, आणि दोघांचं जुळतंय का हे कुणी मोजलेलं नसतं.

पाना हातात घेण्याआधी: थरथर कशाबरोबर चालते?

सगळ्यात महत्त्वाची तपासणी फुकट आहे. सोबत कुणाला तरी बसवा आणि रिकाम्या, सरळ रस्त्यावर थरथर येते तो वेग पकडा. क्लच दाबा, गाडी न्यूट्रलला टाका, इंजिन आयडलला येऊ द्या. थरथर तशीच राहिली तर इंजिन, क्लच आणि फ्लायव्हील सुटले. दोष गिअरबॉक्सच्या शेपटीपासून चाकांपर्यंत कुठेतरी आहे. थरथर लगेच गेली तर दोन शक्यता उरतात. एक, ती इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे. दोन, ती जोर असतानाच येते. यातलं कुठलं, ते उभ्या गाडीत रेस देऊन कळतं.

ही चाचणी चौथ्या गिअरवर करून निष्कर्ष काढू नका. चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिन आणि प्रोप शाफ्ट एकाच गतीनं फिरतात आणि दोघांचा कंप एकसारखाच वाटतो. पाचव्यात टाका. तिथे त्याच वेगाला इंजिन हळू होतं, प्रोप शाफ्ट तसाच राहतो. फरक हाताला कळतो.

आणखी खात्री हवी असेल तर फोनवर कंपनाची वारंवारता दाखवणारं ॲप घ्या. १८५/७० आर १४ टायर आणि कारखान्याच्या व्ही-८चा ३.०७ चा मागचा रेशो (चाकाच्या एका फेरीला प्रोप शाफ्टच्या ३.०७ फेऱ्या) धरला तर ६० मैलांना आकडे असे येतात: चाक सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं, प्रोप शाफ्ट ४३ वेळा. युनिव्हर्सल जॉइंटच्या (प्रोप शाफ्टच्या टोकांवरच्या वाकत्या जोडांच्या) कोनात चूक असेल तर एका फेरीत दोन धक्के बसतात, म्हणजे ८७. मूळ चार सिलिंडरवाल्या गाडीचा ३.९ चा ॲक्सल तसाच ठेवला असेल तर प्रोपचे ५५ आणि कोनाचे ११०. तुमचा आकडा १४च्या जवळ असेल तर चाकं, ४३च्या जवळ असेल तर प्रोपचा बॅलन्स किंवा वाकलेली नळी, ८७ असेल तर कोन. एक काळजी घ्या. काही फोनचा सेन्सर सेकंदाला शंभरच नोंदी घेतो, आणि तसा फोन ५० च्या वरचं काही खरं दाखवू शकत नाही. त्यासाठी मायक्रोफोनवर चालणारं ॲप वापरा आणि खिडक्या बंद ठेवा.

चाकं आणि टायर

थोडक्यात सांगतो, कारण हे लवकर उरकतं. हिवाळाभर गॅरेजात उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर एका बाजूला चपटे होतात. वीस मैल चालवल्यावर थरथर कमी झाली तर कारण तेच. हवा बघा, पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावा, पुन्हा त्याच रस्त्यावर जा. कंप सीटवरून स्टिअरिंगमध्ये आला तर चाकच दोषी. तारांची चाकं असतील तर प्रत्येक तार पान्यानं हलकेच वाजवा. घट्ट तार टणत्कार देते, सैल तार मुकी राहते. हबचे दातेही बघा. व्ही-८च्या ओढीनं ते झिजून धारदार झाले असतील तर ‘ठक्’ तिथूनच येतो, आणि तसं हब बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

कुठे काय टेकतंय?

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गाड्या इथेच बऱ्या झाल्या.

एमजीबीचं मूळ १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या बी-सिरीज घराण्यातलं. आपल्या ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. माझ्या वडिलांची ॲम्बेसेडर साताऱ्यात ज्या गॅरेजात जायची, तिथले मिस्त्री थरथरीची तक्रार आली की आधी जुनं पोस्टकार्ड घेऊन गाडीखाली जायचे. सायलेन्सरचा पाइप आणि चासी, गिअरबॉक्स आणि पत्रा, जिथे जिथे फट दिसायची तिथे कार्ड घालून फिरवायचे. कार्ड अडकलं की बोट ठेवून म्हणायचे, “इथं गाडी बोलतेय.” मी आजही तेच करतो. फक्त पोस्टकार्डाऐवजी धान्याच्या खोक्याचा पुठ्ठा असतो.

कारण सोपं आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर टांगलेले असतात, ते त्यांचा कंप पत्र्यापर्यंत पोचू नये म्हणून. धातू एका जागी जरी धातूला टेकला तरी रबराला वळसा घालून सगळा कंप थेट बॉडीत शिरतो. मग चारही माउंटिंग नवी टाका, उपयोग नाही. आणि बॉनेटखाली व्ही-८, त्यामागच्या पत्र्याच्या बोगद्यात गिअरबॉक्स, दोन्ही दाटीवाटीनंच बसतात.

पुठ्ठा या जागांतून फिरवा: डाव्या-उजव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आणि आतल्या पत्र्याच्या मध्ये, मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंगच्या दांड्याच्या मध्ये, बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या) वरच्या बोल्टांच्या आणि बोगद्याच्या मध्ये, गिअरच्या दांड्याच्या मुळाशी, एक्झॉस्टचा पाइप आणि गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरच्या मध्ये. गाडी उभी असताना फट दिसते म्हणून समाधान मानू नका. जोर दिला की इंजिन एका बाजूला कलतं आणि फट संपते. कमीत कमी एक बोट जाईल एवढी जागा हवी. एक्झॉस्टजवळ थोडी जास्त, कारण पाइप तापला की लांबतो.

माझ्या गाडीत दोष इथेच निघाला. प्रोप शाफ्ट तीन वेळा बॅलन्स करून झाला होता, त्यानं काही फरक पडला नव्हता. एका संध्याकाळी टॉर्च धरून उताणा पडलो होतो तेव्हा क्रॉसमेंबरच्या मागच्या कडेला एक ठिपका दिसला. रुपयाच्या नाण्याएवढा. सगळीकडे काळा रंग आणि धूळ, आणि तेवढीच जागा आरशासारखी घासून चकचकीत. समोर पाइपवर तेवढाच दुसरा ठिपका. हातानं पाइप वर ढकलला तेव्हा टेकला, सोडला तेव्हा सुटला. पाइपचा टांगणीचा रबर एक भोक वर चढवला, क्रॉसमेंबरची कड अर्ध्या गोल कानशीनं घासली. त्या रात्री एम-४० मोटरवेवर सत्तरला आरशात मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचता आली. असा चकचकीत ठिपका शोधा. तो खोटं बोलत नाही.

बोल्ट आणि माउंटिंग

इथून पुढे गाडीखाली जायचं आहे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. सपाट काँक्रीटवर चार ॲक्सल स्टँड किंवा चाकांखाली भक्कम रॅम्प, आणि चाकांना अडण्या.

प्रोप शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चार-चार बोल्ट पान्यानं तपासा. एक बोल्ट वेगळ्या लांबीचा लावला तरी वजनाचा तोल बिघडतो. जॉइंट हातात धरून आडवा-उभा हलवा. जरासा जरी खुळखुळला, किंवा बेअरिंगच्या कपाभोवती तांबूस गंजाची भुकटी दिसली, तर जॉइंटमधला क्रॉस बदला. माउंटिंगचं रबर तेलानं फुगून मऊ झालं असेल तर तेही बदला. आधी तेल गळतं कुठून ते मात्र थांबवा, नाहीतर नवं रबरही त्याच वाटेनं जाईल.

दोन्ही जॉइंट एका रेषेत आहेत का?

पाच मिनिटांचं काम. प्रोप शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या काट्यांचे कान एकाच पातळीत असले पाहिजेत. शाफ्टला मधे सरकता जोड असेल आणि तो साफ करून परत घालताना एक दाता पुढे-मागे बसला, तर पुढचा जॉइंट देतो तो धक्का मागचा जॉइंट रद्द करण्याऐवजी त्यात भर घालतो. शाफ्ट कापून वेल्डिंग करताना टोक जरा फिरलं तरी हेच होतं. सरकत्या जोडाचं असेल तर काढून सरळ बसवा आणि दोन्ही तुकड्यांवर रंगानं खूण करा. वेल्डिंगचं असेल तर शाफ्ट पुन्हा व्यावसायिकाकडेच.

सरकता जोड पूर्ण आत तर टेकत नाही ना, हेही आत्ताच बघा. गाडी चाकांवर असताना साधारण २० ते २५ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. शाफ्ट लांब झाला असेल तर खड्ड्यात ॲक्सल वर येतो तेव्हा तो गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर हातोड्यासारखा आदळतो.

कोन

आकडा ८७च्या आसपास आला असेल, किंवा जोर दिल्यावर आणि सोडल्यावर थरथर वेगवेगळी वाटत असेल, तर दोष बहुधा इथे आहे.

युनिव्हर्सल जॉइंट वाकून फिरतो तेव्हा पुढचं टोक एकसारखं फिरत असलं तरी मागचं टोक एका फेरीत दोनदा किंचित पुढे धावतं आणि दोनदा मागे रेंगाळतं. मागचा जॉइंट तेवढाच वाकलेला असेल तर हा चढउतार तो पुसून टाकतो. म्हणून दोन्ही जॉइंटचे कोन सारखे हवेत. कोन दुप्पट झाला की धक्का जवळजवळ चौपट होतो, त्यामुळे एका अंशाची चूकही क्षुल्लक मानू नका.

मोजताना गाडी स्वतःच्या चाकांवर हवी, ॲक्सल लोंबकळत नको. टाकीत अर्धं पेट्रोल, चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाची वाळूची पोती. लोहचुंबकाचं डिजिटल कोनमापक वीस पौंडांत मिळतं. तीन मापं घ्या: गिअरबॉक्सचा उतार, प्रोप शाफ्टच्या नळीचा उतार आणि डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीच्या) पिनियनचा, म्हणजे प्रोप शाफ्ट जिथे जोडतो त्या दांड्याचा, उतार. गिअरबॉक्स आणि शाफ्टमधला फरक हा पुढचा कोन, शाफ्ट आणि पिनियनमधला फरक हा मागचा.

एका मित्राच्या गाडीची मापं अशी होती: गिअरबॉक्स मागे ३.२ अंश उतरता, शाफ्ट ४.४, पिनियन ०.९. म्हणजे पुढचा कोन १.२ आणि मागचा ३.५. त्यानं पाटे (ॲक्सल धरणाऱ्या पानांच्या स्प्रिंगा) नवे टाकले होते आणि गाडी ठोकळे घालून खाली बसवली होती, तेव्हापासून थरथर वाढली होती. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये २ अंशांच्या पाचरी घातल्या. एमजीबीत ॲक्सल पाट्याच्या वर बसतो, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे ठेवली की पिनियनचं नाक वर येतं. पिनियन २.९ झालं, मागचा कोन १.५ वर आला, थरथर गेली.

दोन्ही कोन तंतोतंत सारखे करण्याच्या मागे लागू नका. जोर दिला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक आपोआप वर उचललं जातं. म्हणून उभ्या गाडीत ते गिअरबॉक्सच्या समांतर रेषेपेक्षा थोडं खालीच ठेवावं. निघतानाची गडगड बहुतेक वेळा या उचलण्यामुळेच असते. कोन शून्यही नको. जॉइंटमधल्या सुया जागच्या जागी राहतात आणि कपात खाचा पडतात. अर्धा अंश तरी हवा, आणि तीनच्या वर जाऊ नका.

पाचरी घालताना यू-बोल्ट नवे लावा. मग ब्रेकची रबरी नळी आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, ते बघा. गिअरबॉक्सची शेपटी उंच-सखल करायची असेल तर माउंटिंगखाली वॉशर घालता येतात, पण प्रत्येक बदलानंतर तिन्ही मापं पुन्हा घ्या आणि पुठ्ठा पुन्हा फिरवा. शेपटी वर गेली की ती बोगद्याला टेकू शकते.

बॅलन्स

आता, आणि आत्ताच, प्रोप शाफ्टचा बॅलन्स. आधी सोपं करून बघा: पिनियनकडचे चार बोल्ट काढा, शाफ्ट अर्धा फेरा फिरवून परत लावा. थरथर बदलली, बरी झाली किंवा बिघडली, तर दोष शाफ्टमध्ये किंवा त्या फ्लँजमध्ये आहे. मग शाफ्ट व्यावसायिकाकडे द्या. नळीवर होज क्लिप लावून घरी तोल साधणारे लोक आहेत. मीही एकदा केलं, ते दोष शाफ्टचा आहे एवढं सिद्ध करण्यापुरतं. क्लिप बोगद्यात घासत नाही याची खात्री करून, कमी वेगात. कायमचा उपाय म्हणून ते ठेवू नका. आणि मागची चाकं हवेत ठेवून, गाडी गिअरमध्ये चालवून खाली डोकावणं तर कधीच नको.

गिअरबॉक्स उतरवायची वेळ

थरथर इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेली असेल, काहीही टेकत नसेल आणि माउंटिंग चांगली असतील, तरच. उतरवल्यावर सर्वांत आधी बेलहाउसिंगला मध्यात बसवणाऱ्या डॉवेल पिना शोधा. इंजिन एका गाडीतून आणि बेलहाउसिंग दुसऱ्या गाडीतून आलं की त्या हमखास हरवलेल्या असतात. नुसत्या बोल्टांवर गिअरबॉक्स मध्यात येत नाही. क्रँकच्या टोकातला, गिअरबॉक्सच्या दांड्याचं पुढचं टोक धरणारा स्पिगॉट बुश झिजलाय का, क्लच प्लेटचे स्प्रिंग सैल आहेत का, हे बघा. फ्लायव्हील आणि क्लच कव्हर एकत्र बॅलन्स करून घ्या. बेलहाउसिंग क्रँकच्या मध्याशी जुळतंय का हे डायल गेजनं बघायचं असतं. ते मी स्वतः करत नाही, इंजिन बांधणाऱ्याकडून करून घेतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

थरथर एका दिवसात अचानक वाढली तर गाडी बाजूला घ्या आणि रिकव्हरी बोलवा. पुढचा जॉइंट तुटला तर फिरता शाफ्ट तुमच्या पायाजवळचा पत्रा फाडू शकतो. क्रॉसमेंबर, पाट्यांच्या टांगण्या किंवा चासीच्या पत्र्यात चीर दिसली तर वेल्डिंग ओळखीच्या हौशी माणसाकडून करून घेऊ नका. पिनियन हातानं वरखाली हलत असेल किंवा डिफरन्शियल रडल्यासारखा आवाज देत असेल तर ते उघडणं घरचं काम नाही. शाफ्ट कापणं-जोडणं कधीच घरी नाही. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला एमओटीतून (ब्रिटनमधल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीतून) सूट मिळू शकते, पण इंजिन बदललेली गाडी दरवर्षी लिफ्टवर चढवून दुसऱ्या डोळ्यांना दाखवावी असं माझं ठाम मत आहे. माझ्या क्रॉसमेंबरच्या वेल्डमधली केसाएवढी चीर अशीच एका परीक्षकाला दिसली, मला दिसली नव्हती.

व्यावसायिकाकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: थरथर कुठल्या वेगाला सुरू होते आणि कुठे थांबते, न्यूट्रलला राहते की जाते, फोनवर आलेला आकडा, मागचा रेशो, टायरचं माप, आणि कोनांची तिन्ही मापं, बदलाआधीची आणि नंतरची.